वकीलपत्रावर सही करण्याआधी

ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं खंडपीठ, कोल्हापुरात सुरू झालं आणि त्याच आठवड्यात मामांचा फोन आला. "अरे, आपली केस आता कोल्हापूरला येणार म्हणतात. मग आपले तालुक्याचेच वकील चालतील, का हायकोर्टाचा वेगळा बघायला लागंल?" कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या कितीतरी घरांत तेव्हा हेच विचारलं गेलं असणार. मुंबईच्या फेऱ्या वाचल्या हे खरं, पण योग्य वकील कोणता हा प्रश्न आपण बहुतेक वेळा असाच फार उशिरा विचारतो.

मामांचंच बघा. शेत आजोबांनी मुंबईत गिरणीत राबून, पतपेढीचं कर्ज काढून घेतलेलं. चुलत घराने दावा लावला की जमीन एकत्र कुटुंबाच्या पैशातून आली, आमचाही वाटा आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिलांनी विचारलं, "कागद काय काय आहेत?" मामांनी सातबारा, आठ-अ आणि खरेदीखत नेऊन दिलं. आजोबांचं पतपेढीचं पासबुक मात्र माजघरातल्या पत्र्याच्या ट्रंकेत, आजीच्या लुगड्यांखाली पडून राहिलं. पैसा कुठून आला हे सांगणारी तेवढी एकच वस्तू घरात होती. पण मामांच्या लेखी 'कागद' म्हणजे तलाठ्याचा, नाहीतर सब-रजिस्ट्रारचा. पासबुकालाही कागद म्हणतात हे त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि वकिलांनीही दुसऱ्यांदा विचारलं नाही. तालुक्याला हरले, जिल्ह्यालाही हरले.

आचारी आणि शिधा

लग्नाला आचारी ठरवतो तेव्हा तो हात आणि कसब घेऊन येतो. पानं किती, शिधा कुठला, जेवण कुठल्या पद्धतीचं, हे यजमानाने सांगायचं असतं. दोनशे सांगून चारशे माणसं आली, तर दोष आचाऱ्याला देता येत नाही. वकिलाचं तसंच आहे. कायदा त्याचा, घडलेल्या गोष्टी, कागद, साक्षीदार आणि शेवटी काय हवंय याचा निर्णय आपला. कोर्टाच्या भाषेत वकील नेमणाऱ्याला अशील किंवा पक्षकार म्हणतात. तेवढे दोन शब्द लक्षात ठेवले की पुरे.

आपल्याकडे मात्र एकदा वकील 'दिला' की केसही दिली, असं समजतात. "आता वकीलसाहेब बघून घेतील." मला विचाराल तर बरेचसे घोळ या एका वाक्यातून सुरू होतात.

सनद एक, कामं शंभर

भारतात वकिली १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखाली चालते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच बार कौन्सिल आहे, ते सनद, म्हणजे वकिली करायचा परवाना, देतं. ही सनद सगळ्या कामांना एकच. डॉक्टरच्या पाटीवर हाडांचा की डोळ्यांचा हे लिहिलेलं असतं, वकिलाच्या सनदेवर असं काही नसतं. कायद्याने बघितलं तर चेक न वटल्याची केस चालवणारा वकील उद्या घटस्फोटाची चालवू शकतो. तालुक्याचा वकील उच्च न्यायालयातही उभा राहू शकतो. त्यामुळे मामांच्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर 'चालतील' असंच आहे.

व्यवहारात मात्र प्रत्येकाचा रोजचा राबता वेगळा असतो. दिवाणी, फौजदारी, महसूल, कौटुंबिक, सहकार, कामगार, ग्राहक ही झाली ढोबळ खाती. नुसतं "जमिनीचं काम आहे" एवढ्यावर वकील ठरवला तर काय होतं, ते गावोगाव दिसतं. फेरफारात भावाचं नाव लागलं म्हणून माणूस मंडळ अधिकाऱ्यापासून सुरुवात करतो, मग प्रांताकडे अपील, मग त्याच्या वर अपर जिल्हाधिकारी. वर्षं जातात. शेवटी कळतं की फेरफाराची नोंद ही सरकारी दप्तरातली नोंद आहे, तिने मालकी मिळतही नाही आणि जातही नाही. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच सुटतो. महसुलाचं काम करणारा चांगला वकील पहिल्याच दिवशी सांगतो, "इथे नोंदीपुरतं भांडू, पण खरा दावा दिवाणीत लावा, आणि मुदत बघा." जो हे सांगत नाही, त्याच्याकडे अपिलामागून अपील होत राहतं.

म्हणून आधी आपलं काम कुठल्या दारातलं आहे ते विचारायचं. मग त्या दारात रोज कोण उभं राहतं ते बघायचं.

उच्च न्यायालयाचं दार आणखी वेगळं. दिवाणी दाव्यातलं दुसरं अपील तिथे जातं, ते कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच. साक्षीदार खरं बोलला का, बांध कुठे होता, हे तिथे पुन्हा उगाळत नाहीत. कामकाज इंग्रजीत चालतं, तर तालुका-जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी. त्यामुळे अपिलाची सवय असलेला माणूस घ्यावा, पण खालच्या वकिलाला बरोबर ठेवावं. फाइल त्याच्या अंगाखालून गेलेली असते.

'सीनियर' नावाचा घोळ

कोर्टाच्या आवारात 'सीनियर' म्हणजे ज्यांच्या ऑफिसात बाकीचे काम शिकतात ते. कायद्यात 'ज्येष्ठ वकील' ही वेगळी पदवी आहे, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालय ती देतं. असे ज्येष्ठ वकील वकीलपत्र (अशिलाने वकिलाला आपल्या वतीने काम चालवायचा अधिकार देणारा कागद) दाखल करत नाहीत आणि अशिलाकडून थेट कामही घेत नाहीत. दुसऱ्या वकिलामार्फत त्यांना उभं करावं लागतं. तालुक्यातल्या साध्या मनाई हुकमाच्या अर्जासाठी कुणी मोठं नाव सुचवत असेल, तर एकच विचारा: तारखेला प्रत्यक्ष कोण उभं राहणार? ज्युनियर उभा राहिला तर बिघडलं काहीच नाही. कित्येकदा फाइल त्यालाच जास्त पाठ असते. फक्त ते आधी कळायला हवं.

मग शोधायचा कुठे?

वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार काम मागत फिरता येत नाही. २००८ मधल्या दुरुस्तीनंतर संकेतस्थळावर नाव, पत्ता, शिक्षण, नोंदणी क्रमांक, कामाचं क्षेत्र एवढी माहिती देता येते. तेव्हा "शंभर टक्के जामीन" असा रील टाकणारा माणूस पहिल्याच पावलाला आपल्या धंद्याचा नियम मोडतोय, हे ओळखावं. इंटरनेटवरच्या ताऱ्यांवरून पोहे चांगले कुठे मिळतात ते कळतं. वकिलाचं कळेल याची खात्री मी देणार नाही.

त्यापेक्षा एक फुकटचा उपाय आहे, आणि तो फारसं कुणी करत नाही. कोर्ट खुलं असतं. सकाळी अकराला जाऊन मागच्या बाकावर बसा. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, पुकारला जातो. तासाभरात कळतं, कोण फाइल वाचून आलंय आणि कोण दर पुकाऱ्याला "साहेब, तारीख मिळावी" म्हणतंय. मोठ्या आवाजाला भुलू नका. न्यायाधीशांनी प्रश्न विचारल्यावर ज्याला पान उलटून नेमकी जागा दाखवता येते, त्याचं नाव टिपून घ्या.

पहिली भेट

वकिलाचं ऑफिस संध्याकाळी बघावं. टेबलाच्या एका कडेला उद्याच्या बोर्डावरच्या फायली रचलेल्या, बाकड्यावर चार माणसं, मध्येच फोन. आपल्या वाट्याला वीस मिनिटं येतात आणि त्यातली पंधरा आपण भावकीची रामायणं सांगण्यात घालवतो. मेव्हण्याने बारशात काय टोमणा मारला, ते कोर्टात चालत नाही.

घरून एका कागदावर तारखांची यादी करून न्या. कुठल्या साली काय घडलं, एका ओळीत एक. त्याखाली असलेल्या कागदांची यादी, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नसलेल्या किंवा 'बिनकामाच्या' कागदांचीही. पावत्या, पासबुकं, पत्रं, व्हॉट्सअॅपचे संदेश, जुने फोटो. कामाचं काय आणि बिनकामाचं काय ते वकिलाला ठरवू द्या. मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या. मूळ कागद कोर्टात दाखल करायची वेळ आली तर काय दिलं त्याची पोच घ्या.

आणि आपल्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी सांगा. लोक नेमकी तीच दडवतात. तुम्ही पैसे घेतले होते, रागाच्या भरात संदेश पाठवला होता, कोऱ्या स्टॅम्पवर सही केली होती. वकिलाला विश्वासाने सांगितलेलं तुमच्या संमतीशिवाय त्याला उघड करता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १३२ तसं संरक्षण देतं. पुढे करायच्या गुन्ह्याचा बेत सांगितला तर मात्र हे संरक्षण नाही. तुमची खोडी वकिलाला तुमच्याकडून कळली तर तो तयारी करतो. समोरच्याच्या उलटतपासात कळली तर काही करता येत नाही.

तुम्ही काय विचारायचं? असं काम अलीकडे केलंय का, मुदत कधी संपते, आणि हरलो तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाला नीट उत्तर देणाऱ्यावर माझा जास्त विश्वास बसतो. "केस आपलीच आहे, काळजी नको" हे वाक्य पहिल्या भेटीत ऐकू आलं, तर चहा घेऊन उठावं.

मुदतीचं हसण्यावारी नेऊ नका. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यावर समोरच्याला पैसे द्यायला १५ दिवस, आणि तरी दिले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. दिवाणी दाव्याचं समन्स आलं की कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, ३० दिवसांत द्यायचं, कोर्टाने वाढवून दिलं तर ९० पर्यंत. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण पाठ असलेली माणसं वकिलाचीही पायरी चढत नाहीत, आणि मुदत संपल्यावर समन्स घेऊन धावतात.

बँकेचा वकील आपला नसतो

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. "बँकेने कर्ज दिलं म्हणजे टायटल क्लिअर", म्हणजे मालकीत खोट नाही, हे सोसायटीच्या कट्ट्यावर सर्रास ऐकू येतं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून केलेला अहवाल, देतो तो बँकेला. फी आपल्या खिशातून गेली तरी सल्ला आपल्यासाठी नसतो. बँकेला आपलं कर्ज सुरक्षित आहे का एवढं बघायचं असतं. कराराच्या बाविसाव्या कलमात पार्किंगचं काय लिहिलंय याच्याशी तिला कर्तव्य नाही. बिल्डरने 'कॉमन' म्हणून दिलेला वकीलही त्याचाच. हजारो रुपयांच्या टाइल्स निवडायला चार दुकानं फिरणारे लोक करार वाचायला आपला वकील का करत नाहीत, हे मला अजून उमगलेलं नाही.

फी: ठोक, टप्प्याने, तारखेने

फी तीन प्रकारे ठरते. सगळ्या केसची ठोक रक्कम, किंवा टप्प्याप्रमाणे (दावा दाखल, पुरावा, युक्तिवाद), किंवा तारखेला अमुक. तारखेच्या हिशेबात तारखा वाढण्यात कुणाचा फायदा आहे ते सांगायला नको, म्हणून शक्य तिथे टप्प्याने ठरवा. फी आणि खर्च वेगळे लिहून घ्या. कोर्ट फी, टायपिंग, नोटरी, समन्स बजावणीचा खर्च, नकला, जमीन असेल तर मोजणी, हे सगळं फीच्या बाहेर असतं. महाराष्ट्रात मालमत्ता, पोटगी, घटस्फोट अशा कामांत महिलांना कोर्ट फी माफ आहे, हे विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

"जिंकलो तर वीस टक्के" असा सौदा अमेरिकेत चालतो, आपल्याकडे नाही. निकालावर अवलंबून फी ठरवायला किंवा मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. अपघाताच्या भरपाईच्या कामात असे सौदे कानावर येतात. तुमच्यापुढे ठेवला गेला, तर पुढे भांडण झाल्यावर त्याचा आधार घेता येणार नाही, हे लक्षात असू द्या.

वकीलपत्र वाचा

आता त्या कागदाकडे येऊ. छापील फॉर्म असतो, वर तिकीट, मध्ये बारीक अक्षरं. कारकून म्हणतो, "इथे, इथे आणि मागे." आपण तिन्ही ठिकाणी सही ठोकतो. त्या बारीक अक्षरांत बहुधा असं असतं: सदर कामी दावा चालविणे, तडजोड करणे, दावा काढून घेणे, रकमा स्वीकारणे, आणि वकिलांनी केलेले सर्व काम मला मान्य व कबूल राहील.

यातली 'तडजोड' आणि 'रकमा स्वीकारणे' या दोन गोष्टी वकिलाशी बोलून घ्यायच्या. तडजोडीचा अधिकार दिलेला असेल तर त्याची सही तुम्हाला बांधू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हिमालयन को-ऑपरेटिव्ह ग्रुप हाउसिंग सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की अशिलाच्या हक्काला बाध येईल अशी कबुली देण्याआधी वकिलाने त्याला विचारायला हवं. तरी बिघडलेलं निस्तरायला पुन्हा कोर्टातच जावं लागतं. नको असलेले शब्द खोडून बाजूला सही करता येते. वकील रागावतील असं वाटतं, पण चांगला रागावत नाही. फोटो काढून ठेवा, तुमच्याकडे त्याची प्रत असायला हवी.

"पैसे दिले, आता धावपळ आम्हीच का करायची?"

रास्त प्रश्न. १९८१ मध्ये रफीक विरुद्ध मुन्शीलाल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय अशिलाच्या बाजूने उभं राहिलं. खेड्यातल्या माणसाने वकील निवडला, माहिती दिली, फी दिली. आता वकील हजर राहिला नाही याची शिक्षा त्याला का, असा त्या निकालाचा सूर होता. पण १९९३ मध्ये सलील दत्ता प्रकरणात त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की हा काही सगळ्यांना लागू होणारा नियम नाही. तिथे अशील कलकत्त्याची कंपनी होती, अडाणी खेडूत नव्हता. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असताना "मला तारीखच कळली नाही" हे कोर्टाला पटवणं अवघड जातं.

दर केसला १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये तो टाकला की पुढची तारीख आणि आदेश फुकट दिसतात. तारखेला कोर्टात काय घडलं याची नोंद म्हणजे रोजनामा. तो वाचायची सवय लावा. "साहेब, मागच्या तारखेला आपला अर्ज नव्हता का?" एवढं विचारलं की फाइल वरच्या थप्पीत येते. रोज रात्री दहाला फोन करण्याची मात्र गरज नाही. तारखेच्या आठवडाभर आधी एक निरोप आणि तारखेनंतर एक, एवढं पुरतं.

"आणि पैसेच नसतील तर?"

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख. तालुका विधी सेवा समिती किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोर्टाच्या इमारतीतच असतं, हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील मन लावून काम करतो का, ही शंका येतेच. काही करतात, काही नाही, पैसे घेणाऱ्यांसारखंच. काम होत नसेल तर प्राधिकरणाकडे दुसरा मागता येतो. ग्राहक आयोगात तर वकिलाशिवाय स्वतःही उभं राहता येतं.

वकील बदलायचा असेल तर

बोलून बघा, लेखी कळवा, मग बदला. नवा वकील आधीच्याची संमती मागतो, तिला बोलीभाषेत एनओसी म्हणतात. ती मिळत नसेल तर कारण सांगून कोर्टाची परवानगी घेता येते. फी थकली म्हणून फाइल अडकवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात ठरवून टाकलंय. फीसाठी वकील वेगळा दावा लावू शकतो, पण कागद तुमचेच. साक्षीपुरावा रंगात आला असताना मात्र नुसत्या रुसव्यावरून बदलू नका. नव्याला फाइल वाचण्यातच दोन तारखा जातात.

गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे होते. शिस्तपालन समिती समज देऊ शकते, सनद काही काळ थांबवू शकते, नाव कायमचं काढूही शकते. वर्षभरात निकाल लागला नाही तर प्रकरण बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. केस हरणं म्हणजे गैरवर्तन नव्हे. पैसे दाबणं, समोरच्याला सामील होणं, कागद परत न देणं हे गैरवर्तन. ग्राहक आयोगात मात्र वकिलाविरुद्ध जाता येत नाही. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. त्याचं एक कारण वाचून मी थबकलो: वकिलाच्या कामावर अशिलाचं बऱ्यापैकी नियंत्रण असतं, म्हणून ही नेहमीची 'सेवा' नव्हे. दोरी आपल्या हातात आहे असं कोर्ट म्हणतं, आणि आपण ती कधी हातात धरलेलीच नसते.

मामांना मी कोल्हापुरात अपिलाची कामं करणाऱ्या एका वकिलांकडे घेऊन गेलो. या वेळी ट्रंकच रिकामी करून नेली होती. त्यांनी पासबुक उघडलं, हप्त्यांच्या नोंदींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हे खाली का दाखल केलं नाही?" अपिलात नवा पुरावा घ्यायचा तर पूर्ण खबरदारी घेऊनही तो तेव्हा मिळाला नव्हता, असं दाखवावं लागतं. हा तर घरातच होता. अर्ज करून बघू म्हणाले, खात्री दिली नाही. मामांनी वकीलपत्र हातात घेतलं, चष्मा पुसला, आणि मला म्हणाले, "वाच जरा मोठ्यानं."